परडं : रोपवाटपाचे दिवस आणि तुमची पत्रं

मिरग जवळ आला की या सदराकडं येणारी पत्रं एकाच वळणाची होतात. गल्लीतली मंडळं, सोसायट्या, शाळा, देवस्थान कमिट्या, सगळीकडं रोपवाटप सुरू होतं आणि मग विचारणा येते, कुठलं रोप घेऊ, किती घेऊ, लावलेलं जगत का नाही. या अंकात तीच पत्रं घेतली आहेत. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, म्हणून फक्त गाव दिलं आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की, खानापूर भागातल्या नर्सरीत पिशव्या भरण्यापासून रोपं टेम्पोत चढवण्यापर्यंतची सगळी कामं मी बरीच वर्षं केली आहेत. आता घरच्या परड्यात रोपं करते.

प्रश्न : काकू, आमच्या गल्लीचं मंडळ दर जुलैला फुकट रोपं वाटतं. गेल्या वर्षी घरातल्या सगळ्यांनी रांगेत उभं राहून आठ रोपं आणली. आज त्यातलं एकच जिवंत आहे, तेही रखडलेलं. या वर्षी निवडताना काय बघू? घरामागं दहा बाय बारा फुटांचं परडं आहे, माती काळी. — वाचक, वडगाव, बेळगाव

या वर्षी दोन आणा. मोठं होणारं एक आणि झुडूपवजा एक. दहा बाय बाराच्या परड्यात त्याहून जास्त बसत नाही. पण मुख्य कारण जागेचं नाही, पाण्याचं आहे. जुलै ते सप्टेंबर रोपाला तुमची फारशी गरज नसते, पाऊस सांभाळतो. खरी ओढ लागते फेब्रुवारीपासून. मार्च-एप्रिलमध्ये नळाला पाणी कमी येतं, घरातली माणसं लग्नसराईत आणि जत्रांत गावोगाव फिरत असतात आणि आठ रोपं आठ ठिकाणी वाळतात. असे निदान दोन उन्हाळे काढावे लागतात. म्हणून रांगेत उभं राहण्याआधी घरात एकदा बोलून घ्या की एप्रिलमध्ये बादली कोण ओतणार. जेवढ्या बादल्यांची खात्री, तेवढीच रोपं.

आता निवड. रांगेत पुढं गेलं की हात आपोआप सगळ्यांत उंच रोपाकडं जातो. ते घेऊ नका. लहान पिशवीत दाटीनं वाढलेलं रोप उजेडासाठी वर वर जातं आणि खोड काडीसारखं राहतं, आपल्याकडच्या जुलैच्या वाऱ्यात ते पहिल्याच आठवड्यात मान टाकतं. दीड-दोन फुटांचं, बुंध्याला जाड, काठीच्या आधाराशिवाय सरळ उभं राहणारं रोप चांगलं. शेंडा शाबूत हवा. खालची एक-दोन पानं पिवळी असली तर चालतं, शेंड्याची पानं आखडलेली असली तर नको.

मग पिशवी उचला, रोपाला धरून नव्हे, पिशवीखाली हात घालून, आणि तळ बघा. नर्सरीत आम्ही दोन भाग तांबडी माती, एक भाग वाळू आणि एक भाग चाळलेलं शेणखत असं मिसळून पिशव्या भरायचो. माती थोडी थोडी घालत पिशवी जमिनीवर आपटायची, नाहीतर मधे पोकळी राहते आणि मूळ तिथं येऊन सुकतं. हे काम बायकाच करायच्या, थंडीच्या दिवसांत, दिवसभर उकिडवं बसून. त्यानंतरचं काम म्हणजे पिशव्या हलवणं. महिन्या-दोन महिन्यांनी प्रत्येक पिशवी उचलून जागा बदलायची, तळाच्या भोकातून बाहेर आलेली मुळं कापायची. ज्या नर्सरीत हे होत नाही तिथं सोटमूळ भोकातून खाली जमिनीत उतरतं आणि वाटपाच्या दिवशी पिशवी ओढून काढताना तुटतं. वरून रोप हिरवंगार दिसतं, मूळ मात्र जमिनीतच राहिलेलं असतं. पिशवीच्या तळाला जाडजूड मूळ ताजं तुटलेलं दिसलं तर ते रोप मुकाट्यानं परत ठेवा. कदाचित तुमच्या आठांतली काही अशीच गेली असतील.

हे लिहिताना शेजारच्या उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यातल्या तुळसी गौडा यांची आठवण येते. अंकोला तालुक्यातल्या होन्नळीच्या. जंगलातल्या चांगल्या झाडांचं बी ओळखून गोळा करणं आणि नर्सरीत रोपं वाढवणं यात त्यांचं आयुष्य गेलं, पुढं पद्मश्रीही मिळाली. 2024 च्या डिसेंबरमध्ये त्या गेल्या. मंडळाच्या टेबलावर ठेवलेल्या प्रत्येक पिशवीमागं अशा कुणाचे तरी हात असतात. तुम्हाला ते रोप फुकट मिळतं, पण तयार झालेलं फुकट नसतं. म्हणूनच घरी नेऊन कोपऱ्यात टाकलेली रोपं बघितली की मला राग येतो.

नेताना दुचाकीवर हँडलला लटकवू नका. वाऱ्यानं पानं करपतात आणि पिशवीतला मातीचा गोळा फुटतो. कॅरीबॅगेत उभं ठेवून, मागं बसणाऱ्यानं मांडीवर धरून न्या. घरी आणल्यावर लगेच लावायची घाई करू नका, चार-सहा दिवस सावलीत ठेवून पाणी द्या आणि ढगाळ दिवस बघून संध्याकाळी लावा. लावताना पिशवी ब्लेडनं बाजूनं कापून पूर्ण काढा. मुळं बसतील म्हणून पिशवीसकट लावणारे लोक मी बघितलेत, पाच वर्षांनी ती झाडं वादळात मुळासकट उलथतात. तळाला मुळं गोल गुंडाळलेली दिसली तर गोळ्याचा खालचा बोटभर भाग कापून टाका. त्या कापण्याला भिऊ नका, गुंडाळलेलं मूळ जमिनीतही गुंडाळतच राहतं.

तुमची माती काळी आहे. वडगाव, शहापूर, येळ्ळूरची ही भाताची माती पाणी धरून ठेवते. खड्डा करून त्यात रोप ठेवलंत तर पावसाळ्यात खड्ड्याचं तळं होतं आणि मूळ कुजतं. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा काढा, शेणखत, थोडी वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून भरा आणि वर वीतभर उंचवटा करून त्यावर रोप लावा. आळं पावसाळा संपल्यावर करायचं. खानापूरकडच्या तांबड्या, मुरमाड मातीत याच्या उलट, तिथं रोप थोडं खोलगट ठेवलं तर पाणी मुरतं.

काय लावायचं? लिंबू, आवळा, डाळिंब, पारिजातक यांतलं मंडळाकडं जे असेल ते. कढीपत्ता दिला तर तोही घ्या. वड, पिंपळ, गुलमोहर, रेन ट्री देऊ लागले तर नमस्कार करून नको म्हणा. मोठी झाडं आहेत, त्यांना गावाबाहेरची मोकळी जागा हवी. घराच्या पायाशी आणि वीजतारांखाली लावलेल्या मोठ्या झाडावर दहा वर्षांनी कुऱ्हाडच चालते.

मंडळाच्या पोरांनाही एक विनंती. मागं एका कार्यक्रमात सकाळपासून उन्हात ठेवलेली रोपं दुपारी भाषणं संपल्यावर वाटली. पाहुण्यांना छत होतं, रोपांना नव्हतं. आधी रोपं वाटा, मग भाषणं करा. रोपं मांडवात ठेवा, सकाळीच पाणी घाला आणि प्रत्येक पिशवीला झाडाचं नाव लिहून चिकटवा. घेणाऱ्याला कळतच नाही की हातात बकुळ आहे की जांभूळ. रिकाम्या पिशव्या परत आणून द्यायला सांगितलंत तर गल्लीच्या गटारीही तुंबणार नाहीत.

प्रश्न : काकू, खानापूर तालुक्यात दोन एकर माळ पडून आहे. त्यावर साग लावायचा विचार आहे. फॉरेस्ट खात्याकडून दोनशे रोपं फुकट मिळतात असं कुणीतरी सांगितलं. खरं काय? — शेतकरी वाचक, नंदगड

दादा, कार्यक्रमात एक-दोन रोपं फुकट मिळतात. शेतकऱ्याला दोनशे हवी असतील तर खात्याच्या नर्सरीतून ती सवलतीच्या दरानं मिळतात, दर पिशवीच्या आकाराप्रमाणे. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, कारण जगवलेल्या झाडांचे पैसे पुढं परत येतात. कृषी अरण्य प्रोत्साह योजना म्हणतात तिला, 2011-12 पासून आहे. पहिल्या वर्षाअखेर जिवंत रोपामागं 35 रुपये, दुसऱ्या वर्षी 40, तिसऱ्या वर्षी 50, म्हणजे एका झाडामागं 125 रुपये. पैसे जगलेल्या रोपांचे मिळतात, नेलेल्या रोपांचे नाहीत, खात्याचे लोक येऊन मोजतात. नीलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक अशा काही जातींना हे अनुदान नाही. उतारा, आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन रेंज ऑफिसात जा, दर आणि जातींची चालू यादी तिथंच विचारून घ्या. आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी जा. जुलैत गेलात की चांगली रोपं संपलेली असतात आणि उरलेल्यातली उचलावी लागतात.

सागाचं म्हणाल तर माळ कसला आहे ते आधी बघा. पहारीनं दोन फूट खणून बघा. एका फुटावर जांभा दगड लागला तर साग तिथं रखडतो, खोड वेडंवाकडं होतं. तशा जागी काजू लावा, काजू आपल्या भागातल्या उथळ तांबड्या जमिनीवर निभावून नेतो. जिथं माती खोल आहे आणि पाणी साचत नाही तिथं साग. पिशवीतल्या रोपाऐवजी सागाची जडी मिळत असेल तर जरूर घ्या. जडी म्हणजे सोटमूळ आणि खोडाचा बोटभर तुकडा ठेवून बाकी छाटलेलं रोप. ओल्या गोणपाटात गुंडाळून शेकडो जड्या एका मोटरसायकलवर नेता येतात, पहारीनं भोक पाडून लावता येतात. पाऊस लागल्या लागल्या लावायच्या, उशीर झाला की वाया.

सगळा माळ सागाचा करू नका एवढं मात्र मनापासून सांगते. कडेला फणस, जांभूळ, बिबळा, शिवण, हिरडा असू द्या. सागाचे पैसे तुमच्या मुलांना मिळतील, जांभळं तुम्हाला मिळतील. आणि खात्याकडं कोकम असेल तर एक-दोन नेऊ नका, आठ-दहा न्या. बियांपासून केलेल्या कोकमात साधारण निम्मी झाडं नर निघतात, त्यांना फळ नाही, आणि नर की मादी हे फुलं आल्यावरच कळतं. एकच लावून सात वर्षं वाट बघितलेल्या घरांत मी गेले आहे. एकच लावायचं असेल तर कलम घ्या.

प्रश्न : मावशी, आमच्याकडं वाटपाच्या ठिकाणी रोपांची यादी कन्नडमध्ये लावलेली असते. बोलता येतं, पण झाडांची नावं कळत नाहीत. विचारायला संकोच वाटतो. — वाचक, अथणी

संकोच कसला, विचारा. नर्सरीतली माणसं आनंदानं सांगतात. तरी ही नावं वहीत उतरवून ठेवा. मावु म्हणजे आंबा, हलसु फणस, नेरळे जांभूळ, हुणसे चिंच, नेल्ली आवळा, बेवु कडुनिंब, होंगे करंज, आल वड, अरळी पिंपळ, अत्ती उंबर, मत्ती ऐन, होन्ने बिबळा, तारे बेहडा, अळले हिरडा, बिदिरु बांबू, श्रीगंध चंदन. हेब्बेवु नावाचं एक झाड हल्ली फार वाटतात, भराभर वाढतं, प्लायवूडला जातं. नावात बेवु असलं तरी तो आपला कडुनिंब नव्हे.

तुमच्या अथणीला पाऊस थोडा. आमच्या खानापूर तालुक्यातल्या आमगावची गणना कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांत होते, आणि त्याच बेळगाव जिल्ह्यात तुमच्याकडं विहिरींनी तळ गाठलेला असतो. त्यामुळं आमच्याकडं फोफावणारं झाड तुमच्याकडं नेऊ नका. बेवु, हुणसे, नेल्ली, होंगे ही चार नावं यादीत दिसली की डोळे झाकून घ्या. बोर, कवठ, शेवगाही चालेल. फणस आणि कोकमाच्या नादी लागू नका. श्रीगंध देत असतील तर घ्या, पण एक लक्षात ठेवा, चंदन एकटं लावलं तर जगत नाही. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांतून अन्न घेतात. पिशवीत सोबत तूर किंवा दुसरं काही उगवलेलं असलं तर ते तण समजून उपटू नका, ते मुद्दाम लावलेलं असतं. जमिनीत लावतानाही जवळ तूर पेरा.

पाण्याचं म्हणाल तर मडकं पुरा. जुन्या मडक्याच्या तळाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात बसवायची, रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, भरून वर झाकण ठेवायचं. पाणी मुळाशी झिरपत राहतं, उन्हात उडून जात नाही. भोवती ऊसाचं पाचट पसरा, तुमच्याकडं त्याला तोटा नाही. फक्त बुंध्याला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा, नाहीतर वाळवी आधी पाचटाला आणि मग सालीला लागते.

प्रश्न : नमस्कार काकू. मी प्राथमिक शाळेत शिकवते. 5 जूनला दरवर्षी मुलांकडून वृक्षारोपण करून घेतो, रोपं पाहुण्यांकडून फुकट मिळतात. पण पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यांत नवी रोपं लावायची वेळ येते. मुलं विचारतात, बाई, गेल्या वर्षीचं माझं झाड कुठं गेलं. काय उत्तर देऊ? — शिक्षिका, निपाणी

बाई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मी कागद खाली ठेवला. सात वर्षांच्या पोराच्या हातानं लावलेलं झाड असं दरसाल मरू देणं बरोबर नाही, आणि ते टाळता येतं.

दोन गोष्टी आड येतात. पहिली तारीख. 5 जूनला आपल्याकडं वळवाच्या एक-दोन सरी झालेल्या असतात, जमीन आतून तापलेलीच असते. मिरग निघतो 7-8 जूनला आणि तोही कधी कधी कोरडा जातो. निपाणीकडं तर जून अर्धा झाला तरी पेरणी खोळंबते. रोपं लावायची ती आर्द्रा लागल्यावर, म्हणजे 22 जूननंतर, आणि तरणा पाऊस पडतो त्या पुनर्वसूत, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यात. 1950 साली तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री के. एम. मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला तोही जुलैतलाच. पर्यावरण दिन 5 जूनलाच साजरा करा, पण त्या दिवशी मुलांना खड्डे भरायला लावा. मोठ्यांनी मे महिन्यात खड्डे काढून ठेवावेत, उन्हानं माती भाजून निघते, कीड मरते. मुलांनी शेणखत, पालापाचोळा, माती घालून ते भरावेत, काठीवर आपलं नाव लिहून रोवावी. पाहुण्यांनी दिलेली रोपं वर्गाच्या आडोशाला सावलीत ठेवा आणि मुलांकडून रोज पाणी घालून घ्या. महिनाभर सांभाळलेलं रोप लावताना मुलाला त्याचं पान न् पान ओळखीचं झालेलं असतं.

दुसरी अडचण सुट्टीची. एप्रिल-मेमध्ये शाळा बंद, फाटकाला कुलूप. त्या दीड-दोन महिन्यांत रोप मरतं. शाळेशेजारी राहणाऱ्या एक-दोन घरांशी बोला, चावी त्यांच्याकडं द्या. बिसीऊटाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, स्वयंपाकीण बायका बहुतेक गावातल्याच असतात, त्यांनाही विचारून बघा, पण फुकट राबवू नका, एसडीएमसीकडून, म्हणजे शाळेच्या पालक समितीकडून, त्यांच्या कष्टाचे पैसे द्या. एवढं जमणार नसेल तर आवारात फक्त तीन-चार झाडं लावा, नळाजवळ किंवा हात धुवायच्या जागेचं पाणी जातं तिथं, आणि बाकीची रोपं मुलांना घरी द्या. शेळ्या फिरत असतील तर बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्यांची ताटी पहिल्याच दिवशी करा, दुसऱ्या दिवशी करू म्हटलं की रोप गेलं.

मुलांना खरं सांगा. पाणी मिळालं नाही म्हणून ते झाड वाळलं, या वर्षी आपण पाण्याची व्यवस्था आधी करू. त्यांना ते समजतं.

प्रश्न : ताई, माझं वय झालं. नातू म्हणतो, वाटपात फणसाचं रोप आणून देतो. पण दोनदा आणलं, दोन्ही गेली. दारातला जुना फणस बरका आहे, गोड आहे, पण आता थकलाय. — वाचक, जांबोटी

अक्का, नातवाला रांगेत पाठवू नका. फणसाचं सोटमूळ सरळ खाली जाणारं, त्याला पिशवीत फार दिवस राहणं सोसत नाही. वाटपात येणारी फणसाची रोपं बरेचदा वर्षभर पिशवीत कोंडलेली असतात, म्हणून जात नाहीत पुढं. आणि दारात एवढा गोड फणस असताना दुसऱ्याचं बी कशाला?

या जूनमध्ये चांगलं मोठं, मधल्या खोडावर आलेलं फळ पिकू द्या. गरे खाऊन झाले की त्यातल्या टपोऱ्या आठळ्या निवडा, वरचा चिकट पापुद्रा धुऊन काढा आणि त्याच दोन-तीन दिवसांत पेरा. फणसाचं बी साठवून राहत नाही, वाळलं की मेलं. जिथं झाड हवं तिथंच खड्डा भरून घ्या, घरापासून निदान पंचवीस-तीस फूट लांब. एका खड्ड्यात तीन आठळ्या, आडव्या, बोटभर खोल. तिन्ही उगवल्या तर वर्षानं सगळ्यांत जोमदार ठेवा, बाकीची दोन कापून टाका, उपटू नका, उपटताना ठेवलेल्याचं मूळ हलतं. बियांच्या झाडाला फळ धरायला सात-आठ वर्षं लागतात आणि बी आईसारखंच निघेल असं नाही, कधी कापा निघतो, कधी बरका. अगदी तीच गोडी हवी असेल तर याच फणसाच्या कोवळ्या फांदीचं कलम बांधून घ्या, ते तीन-चार वर्षांत धरतं. कलम बांधणारा माणूस पावसाळ्याआधी गाठा, नंतर त्याला सवड नसते.

साळिंदर आठळ्या उकरून खातं तुमच्याकडं. पेरलेल्या जागेवर उगवेपर्यंत काटेरी फांद्या दाबून ठेवा.